काळ्या मटणाचा डबा

डॅडी, आज सकाळी मी कल्याणला जाऊन एक किलो म्हशीचं मटण घेऊन आले. आता दुपारचा दीड वाजलाय. डोंबिवलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात ते बारीक आचेवर शिजतंय आणि मी ओट्याशेजारी स्टूल ओढून हे लिहितेय. या घरात मी एकतीस वर्षं स्वयंपाक केला. मासे केले, कोंबडी केली, बोकडाचं मटण तर जवळजवळ दर रविवारी केलं. हे मात्र आज पहिल्यांदाच. तुला जाऊन सत्तावीस वर्षं झाली, तरी सकाळपासून वाटतंय की तू मागे उभा आहेस आणि कांदा जाड कापला म्हणून आता बोलशील.

तू बोटीवर कुक होतास. वर्षातले नऊ महिने तुझा पत्ता म्हणजे कुठलं तरी बंदर. आई कंपनीच्या पत्त्यावर पत्रं टाकायची आणि ती तुला मिळेपर्यंत त्यातली बातमी शिळी झालेली असायची. मग एके दिवशी तू ठाण्याच्या आपल्या घरी हजर व्हायचास, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी घेऊन. शेजारची बोटीवर जाणारी माणसं परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर आणायची. तुझ्या पिशवीतून निघायच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या. चक्रीफूल, वाळलेल्या आल्यासारखी दिसणारी कसली तरी मुळं, चिंचेसारखी काळी आंबट सालं, आणि एकदा तर मासळीच्या पाण्याची बाटली. ती तू उघडलीस आणि आई पदर नाकाला लावून अंगणात गेली. "घरात जवळा सडला की काय?" म्हणाली. तू हसून म्हणालास, "अगो, तिकडं लोकं याच्याशिवाय जेवत नाय." आईने ती बाटली दोन वर्षं न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतः बाजारात जाऊन बीफ आणायचास. खांद्याचंच, चरबीची रेघ असलेलं. मग आईला स्वयंपाकघरातून सुट्टी. तू सुरीला धार लावायचास, कमरेला पंचा बांधायचास, आणि मला पाटावर बसवून नारळ खवायला लावायचास. पहिलं दूध वेगळं, दुसरं वेगळं. सुक्या मिरच्या, कांदे, लसूण आणि ती मुळं पाट्यावर वाटायची. अंगणातल्या गवती चहाची पात ठेचून, गाठ मारून टोपात टाकायचास तेव्हा आई दारातून ओरडायची, "चहात घालायची पात मटणात घालतोय बघा हा माणूस!" शेवटी मात्र तिच्याच बाटलीतला मसाला मागायचास, एक चमचा, आणि ती असा मोजून द्यायची की जणू सोनं देतेय. उन्हाळाभर खपून तिने तो कुटलेला असायचा.

तीन-साडेतीन तास लागायचे. आधी सगळं पांढरट, पातळ. मग दूध आटत जायचं, पिवळं व्हायचं, तपकिरी व्हायचं, आणि एका क्षणी तेल सुटायचं. तिथून तू दुसऱ्या कुणाच्या हातात डाव देत नसायचास. वर भाजलेलं खोबरं वाटून घालायचास आणि मटण त्या तेलात परतत राहायचास, काळं होईपर्यंत. रस्सा नाही, काही नाही. आम्ही त्याला काळं मटण म्हणायचो. दुसरं नाव तू कधी सांगितलं नाहीस. कुणीतरी खलाशी होता, त्याच्या आईची रीत म्हणालास, एवढंच.

मी अकरा वर्षांची असताना तू मला खोबरं भाजायला बसवलंस आणि मी बाहेर लगोरीचा आवाज ऐकून पळाले. परत आले तेव्हा कढईत कोळसा. मी वरचं करपलेलं काढून टाकलं, खालचं तसंच वाटलं आणि वाटी तुझ्यापुढे ठेवली. तू बोटाने चाखलंस. मारलं नाहीस. सगळी वाटी उकिरड्यावर ओतलीस, नवा नारळ फोडलास आणि म्हणालास, "करपलं तर करपलं म्हणून सांगायचं. बोटीवर चाळीस माणसं मी काय देतो ते डोळं मिटून खातात. त्यांना फसवायचं नाय." त्या दिवशी आपण चार वाजता जेवलो. भूक लागली म्हणून मी रडले आणि तू मला पहिला घास भरवलास. त्या घासासोबतच वाक्य पक्कं बसलं, नाहीतर एव्हाना विसरले असते.

मग मी ऑफिसात भेटलेल्या मुलाशी लग्न ठरवलं. ते लोक मूळचे रत्नागिरीकडचे, डोंबिवलीत दोन पिढ्या. तू आणि आई बोलणी करायला आलात तेव्हा सासूबाईंनी सगळं सरळ मांडलं. चर्चमध्ये जायला ना नाही, नाताळाला माहेरी जायला ना नाही. "आमच्याकडे मासे-मटण सगळं चालतं," त्या म्हणाल्या, "फक्त ते एक घरात नको. माझा देव आहे स्वयंपाकघराच्या भिंतीला." तू लगेच म्हणालास, "तुमच्या घरात तुमचा शब्द, विहीणबाय." आपल्या घरी सगळे एकमेकांना तू म्हणायचो. इथे येऊन मी अहो-जाहो शिकले, आमटीत गूळ शिकले, आणि खरं सांगते, सासूबाईंनी मला कधी परकं वाटू दिलं नाही. काळं मटण मी ठाण्याला येऊन खायचे, मग तसं काही अडलं नाही.

अडलं ते लेकीच्या वेळी, सातव्या महिन्यात. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, जिना उतरायचा नाही. आणि मला रात्रंदिवस त्या काळ्या मटणाशिवाय दुसरं काही सुचेना. एका सकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी तुला फोन केला. तू आधी नाही म्हणालास. "मी शब्द दिलाय गो." मी रडले. म्हटलं, त्या रोज अकरा ते साडेबारा देवळात असतात, मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून खाईन, स्वयंपाकघरात नेणारसुद्धा नाही. तू दोनदा वेळ विचारून घेतलीस. मग म्हणालास, "गुरुवारी येतो."

गुरुवारी तू आलास, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्टीलचा डबा, वर टॉवेलची गाठ. आणि दार सासूबाईंनी उघडलं. गुडघा दुखत होता म्हणून त्या देवळात गेल्याच नव्हत्या.

"अहो, या, या! आणि हातात काय आणलंत?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुला खोटं बोलता यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच बोलले. "मटण आहे आई. बोकडाचं."

"वा!" सासूबाईंचा चेहरा खुलला. "तुमच्या हातचं म्हणजे काय! नुसतं ऐकतेय हिच्याकडून. थांबा, तीन पानं घेते. मीही चव बघते." आणि त्या आत गेल्या. ताटं काढल्याचा आवाज यायला लागला.

तू हळू आवाजात म्हणालास, "काय केलंस गो हे?"

"डॅडी, काहीतरी कर," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्या ताटं घेऊन आल्या, खाली बसल्या, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी डब्याचं झाकण काढलं. खोलीभर वास पसरला. गवती चहाचा, खोबऱ्याचा, आईच्या मसाल्याचा. "काय सुरेख वास हो!" म्हणत त्यांनी चमचा उचलला. तू पुढे झालास आणि डब्यावर हात ठेवलास.

"नका खाऊ, विहीणबाय. बिघडलंय."

"बिघडलंय? अहो, वास तर..."

"मना समजतं ते. नारळाचं दूध हाय, गरमीत उतरलं. मीच नीट केलं नाय. चूक माझी हाय."

चाळीस वर्षं तू लोकांना रांधून घातलंस. वादळात टोप दोरीने बांधून भात शिजवलास. कुणी तुझ्या जेवणाला नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ते नाव तू माझ्यासमोर स्वतः ठेवलंस. झाकण लावलंस, टॉवेलची गाठ मारलीस. सासूबाई म्हणत राहिल्या, वरण-भात तयार आहे, दोन घास जेवून जा. पोट बरं नाही म्हणालास आणि निघालास. झाकण लागल्याचा खटका झाला तेव्हा मला वाईट वाटलं असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. ते खरं नाही. आधी वाटलं, सुटले. वाईट नंतर वाटलं, तुझी पावलं जिन्यात ऐकू यायची थांबली तेव्हा.

पुढचं आईने सांगितलं, तुझ्या पश्चात. तू ठाण्याला पोचलास आणि सरळ परसात जाऊन पपईच्या झाडाखाली खड्डा करून सगळं मटण पुरलंस. आई धावत आली, "अरे, चांगलं हाय ना ते! शेजारी तरी दे." तू म्हणालास, "बिघडलंय म्हणून सांगून आलोय. आता ते बिघडलेलंच." मग डबा घासलास आणि त्या दुपारी जेवला नाहीस.

त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, मीही नाही. बाळंतपणात तू कोंबडीचं सूप घेऊन आलास, कांदा आणि आलं विस्तवावर भाजून केलेलं, आणि ते दारातच सासूबाईंच्या हातात दिलंस. माझी लेक तीन वर्षांची असताना तू गेलास. हॉस्पिटलात मी तुझ्याजवळ बारा दिवस बसले. आपण पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो, शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याच्या घोरण्याबद्दल बोललो.

ती लेक आता सिंगापूरला नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिने फोनवर फोटो पाठवला. पानावर पांढरा भात, शेजारी काळं, कोरडं, तेलाने चकाकणारं मटण. "मम्मी, याला रेंडांग म्हणतात. अफलातून आहे!" मी बघतच राहिले. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला आपल्या काळ्या मटणाचं नाव कळलं. समोर सासूबाई जेवत होत्या. आता त्या शहाऐंशीच्या आहेत. काय बघतेस म्हणाल्या, म्हणून मी फोन पुढे केला. "माझे वडील करायचे असं."

त्यांनी चष्मा नीट करून फोटो बघितला. मग शांतपणे म्हणाल्या, "हेच होतं ना त्या डब्यात?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"झाकण काढलं तेव्हा नव्हतं माहीत. त्यांनी हात ठेवला तेव्हा कळलं. जन्मभर रांधणारा माणूस बिघडलेलं जेवण घेऊन पोटुशी लेकीकडे येईल का गं?"

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तू खोटं बोललीस त्याचा राग आला होता. पुष्कळ दिवस होता. पण त्यांनी माझा नेम मोडू दिला नाही. आणि मी त्यांना माझ्या दारातून उपाशी जाऊ दिलं. जिन्यात जाऊन हाक मारायला हवी होती. गुडघ्याचं निमित्त केलं." त्यांनी ताटातला भात उगाच बोटांनी सारखा केला. मग म्हणाल्या, "तुला करायचं तर कर. मला विचारू नकोस, मी हो म्हणणार नाही. मी गेल्यावर कर."

"आई, असं काय बोलता!"

"अगं, टिटवाळ्याला, धाकट्याकडे राहायला गेल्यावर!" आणि त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

गेल्या महिन्यात त्या धाकट्या दिरांकडे टिटवाळ्याला राहायला गेल्या. तिथे नवी बिल्डिंग आहे, लिफ्ट आहे. जाताना त्यांनी भिंतीवरचा देव स्वतः उतरवून बरोबर नेला. मला काही म्हणाल्या नाहीत. खिळा तेवढा राहिलाय.

यांना काल रात्री सांगितलं. हे म्हणाले, "मी खाणार नाही गं. पण काही मदत लागली तर सांग." आणि सकाळी त्यांनी दोन नारळ खवून दिले, बोट कापून घेतलं, आता बाहेर पेपर वाचत बसलेत. मघाशी दारात येऊन वास घेतला, "छान आहे," म्हणाले आणि परत गेले. लेकीने फोनवरून हे घाल, ते घाल सांगितलं. मी तिचं निम्मं ऐकलं. आईचा बाटलीतला मसाला आता कुठून आणणार? ठाण्याच्या एका मावशींकडून आणला तसलाच, पण त्या कुटणाऱ्या हातांची गोष्ट वेगळी.

मधेच उठून तेल सुटलं का बघितलं. सुटलं. खोबरं नीट भाजलं होतं, करपलं नाही. डाव हातात धरून मी अर्धा तास परतलं, आणि एवढा वेळ मनात तुझ्याशी बोलत होते. ते सगळं काही इथे उतरलं नाही. उतरलंय तेही कुठे टाकणार नाहीये. यावेळी कंपनीचा पत्तासुद्धा नाही.

एक मात्र सांगून टाकते, कारण तिथे तुला सांगणारं कोणी नसेल. तुझं काळं मटण दर वेळी किंचित खारट व्हायचं, डॅडी. बोटीवर बसलेला हात होता तुझा. आई म्हणूनच ताटात भात जास्त वाढायची, आणि मला डोळ्यांनी दटावायची, गप खा. आज मी मीठ मोजून, बरोबर घातलं. चाखून बघितलं तर चांगलं होतं, पण तुझं नव्हतं. मग वरून आणखी अर्धा चमचा घातलं.