ओतून दिलेलं पाणी

सोमवार, ९ मार्च

आत्या,

आधी वाकून नमस्कार, बाकीचं त्यानंतर. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकीट फोडलं तर पत्राआधी माती पडली, तेव्हाच कळलं की डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही तू रोपवाटिकेत कुंड्या भरते आहेस.

इथे सगळं ठीक आहे. खोलीची खिडकी आता उघडते, सुताराने रंधा मारून दिला. जेवण वेळेवर होतं. खोकला नाही, दमा नाही. तू विचारण्याआधीच सांगून टाकते. प्रयोगशाळेत मला नवीन नाव पडलंय, शंकाबाई. दार लोटलं की ते लागलं का हे बघायला मी परत जाते, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली की चिठ्ठीवर काय लिहिलंय तेही वहीत उतरवते. परवा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "शंकाबाई, तुम्ही श्वास घेतल्याचीही नोंद करता का हो?" मी म्हटलं, "घेतल्याची नाही, सोडल्याची करते." सगळे हसले. मीही हसले.

तू विचारलंयस, औषध कुठवर आलं. काम चालू आहे. काही प्रयोग पुन्हा करतेय. पुन्हा करावे लागतातच.

आई फोनवर सांगत होती की किडनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं तू अजून सुरूच केली नाहीस. महिन्याला एक, अशी सहाच तर आहेत. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "माझी भाची यावरचंच औषध काढतेय, तोवर ही विषं मला नकोत." त्यावर डॉक्टर काय म्हणाले ते आईने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पायांची सूज कशी आहे? सकाळी जास्त असते की संध्याकाळी? बोटाने दाबल्यावर खळगा किती वेळ राहतो ते घड्याळ लावून बघ आणि कळव.

पत्र आखूड झालंय, मला दिसतंय. रागावू नकोस.

तुझी,
शंकाबाई


शनिवार, १४ मार्च

आत्या,

सोमवारचं पत्र एव्हाना मिळालं असेल. ते फाडून टाक असं लिहिणार होते, पण नको, ठेव. त्यात एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी ते पत्र खोटं आहे.

मी फोन करू शकले असते. पण फोनवर माझा आवाज कापरा झाला की तू माझीच समजूत घालायला लागतेस, आणि मी ती घालून घेते. म्हणून लिहितेय.

औषध नाही, आत्या. ज्याला आपण औषध म्हणत होतो, ते काहीच वाचवत नाही.

तुला पहिल्यापासून सांगते, म्हणजे तू स्वतः तपासू शकशील. शरीरातल्या पेशी दोन तऱ्हांनी मरतात. एक आवरूनसावरून, जसं झाड स्वतःहून देठ सोडतं आणि पान गळतं. कुणाला इजा होत नाही. दुसरी फुटून. तुझ्या आजारात बचावाच्या पेशींना कुठून तरी चुकीचा निरोप मिळतो, त्या मूत्रपिंडात जाऊन फुटतात आणि आपल्याबरोबर शेजारपाजारही जाळतात. आमचं औषध तो निरोप वाटेतच अडवणार होतं. मी बश्यांमध्ये या पेशी वाढवायचे, काहींत औषध घालायचे, काहींत नाही, मग निरोप द्यायचा, बशी धुवायची आणि मेलेल्या पेशी मोजायच्या. औषध नसलेल्या बशीत शंभरातल्या साठ मेलेल्या. औषध घातलेल्या बशीत अठरा. त्यावरच आमचा लेख छापून आला, जो मी तुला पाठवला.

आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या एक मावशी आहेत. बश्यांतून ओतून दिलेलं पाणी ज्या बाटल्यांत जमतं, त्या त्याच रिकाम्या करतात. बाकीच्यांची प्रत्येकी एक बाटली असते, माझ्या दोन. औषधाच्या बश्यांची निराळी. कारण काही नाही, शंकेखोर स्वभाव. २६ फेब्रुवारीला मावशी म्हणाल्या, "पोरी, तुझी ही निळ्या चिठ्ठीची बाटली कायम गढूळ कशी गं? दुसरी बघ, आरशासारखी."

"असेल काहीतरी," मी म्हटलं.

"असेल काहीतरी म्हणून मी भांडी घासली असती, तर तुम्ही मला आठ दिवस तरी ठेवलं असतं का?"

निळी चिठ्ठी औषधाची. त्या पाण्याचा एक थेंब मी मायक्रोस्कोपखाली धरला. मेलेल्या पेशींची नुसती गर्दी. औषधामुळे त्या वाचत नव्हत्या. मरत तितक्याच होत्या, फक्त मरताना बशीचा तळ सोडून वर तरंगत होत्या, आणि मी त्यांना मोजण्याआधी ओतून देत होते.

इथली रीत अशी आहे की धुतलेलं पाणीही जपून ठेवायचं, यंत्रात फिरवायचं आणि तळाला बसेल ते मोजदादीत धरायचं. इतकी साधी गोष्ट की कुणी कुणाला शिकवत नाही. मला ती ठाऊक नव्हती, आणि का नव्हती हे मला नंतर उमगलं. मी मोजायला शिकले ती तुझ्या टेबलावर. दम्यामुळे शाळा नव्हती तेव्हा, नऊ वर्षांची होईपर्यंत. मिठाच्या पाण्यात बी टाकायचं, तरंगेल ते फोल, ओतून द्यायचं, बुडेल ते मोजायचं. हजारो बिया मोजल्या असतील. इथे बशी तिरपी करताना हात तेच करत होता, आणि हाताला थांबवावं असं मला एकदाही वाटलं नाही. जी एरवी दार लागलं का ते तीनदा बघते!

तुझी शिकवण चुकली असं मनात आणू नकोस. तू पेरायचं बियाणं निवडत होतीस. मला मेलेलंच मोजायचं होतं. हा फरक मी विचारायला हवा होता.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो, त्यांना काल सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधीपासून माहीत आहे?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस काय करत होतीस?"

"पुन्हा मोजत होते. पाणी धरून."

"किती वेळा?"

"नऊ वेळा."

"दुसऱ्यांदाच कळलं असणार तुला. मग उरलेली सात वेळा कशाला?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "चूक तुझ्या हातची, पण लेखावर सही माझी आहे. लेख मागे घेतल्याचं पत्र मी लिहिते. तू नऊच्या नऊ वेळचे आकडे आण. आणि इथे रडू नकोस, कागद भिजतात." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सात वेळांचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बाईंना देण्यासारखं नव्हतं. ते तुझं आहे. आकडा बदलला असता, तर मला तुला काही सांगावं लागलं नसतं.

कारण तू हट्टाने थांबलीस असं आई समजते. डॉक्टरही तसंच समजतात, आणि तूही सगळ्यांना तसंच सांगितलंस. पण ऑक्टोबरमध्ये तू मला फोन करून विचारलं होतंस, "काय करू गं? ही इंजेक्शनं घेऊ, की तुझ्या औषधासाठी थांबू?" आणि मी म्हणाले होते, "थांब."

ते वाक्य तू कुणालाही सांगितलं नाहीस. मला त्यात ओढलं नाहीस.

अगदी औषध खरं ठरलं असतं, तरी बशीतून माणसापर्यंत पोचायला त्याला दहा वर्षं लागली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आत्या. नकळत म्हणाले असते तर निराळं. पण जन्मभर मी तुला विचारत आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तू मला विचारत होतीस. मला मोठं झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यासाठी मी 'थांब' म्हणाले.

बुधवारी मी तुझ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या आत्यांनी तुमचा लेख घडी घालून माझ्यासमोर ठेवला. वर म्हणाल्या, वाचा, तुमच्याही उपयोगी पडेल." मग त्यांनी आकडे सांगितले. ऑक्टोबरपासून तुझ्या मूत्रपिंडांचं काम निम्म्याच्या खाली आलं आहे. गेलं ते परत येणार नाही. उरलेलं इंजेक्शनांनी वाचू शकतं. अजून दोन-तीन महिने गेले तर मग आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यावं लागेल. मी विचारलं, "आता सुरू केलं तर नक्की वाचेल?" ते म्हणाले, "बहुधा." तो शब्द मी तुला आहे तसाच देतेय. त्याहून मोठा शब्द द्यायचा हक्क मला राहिलेला नाही.

केस विरळ होतील. दोन-तीन दिवस मळमळेल. तू त्यांना विषं म्हणतेस ते अगदीच खोटं नाही, ती बचावाच्या पेशींना मारतात. पण तुझ्या त्या पेशी आज तुझ्याच घरावर चालून आल्या आहेत. यातलं काही माझ्या शब्दावर मानू नकोस. डॉक्टरांना विचार, आणखी एका डॉक्टरांना विचार.

गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी साडेनऊची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. तुला न विचारता घेतली, हेही लिहून ठेवते. रजा टाकली आहे, बुधवारी संध्याकाळी पोचते आणि आईला मीच सांगते की 'थांब' कोण म्हणालं होतं. तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर मी बाहेरच्या बाकावर बसेन. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. माझ्यावरचा राग त्या इंजेक्शनवर काढू नकोस, एवढंच मागते. रागाने ये, पण ये.

जिच्या सांगण्यावरून तू थांबलीस,
ती