भाऊजीच्या पेटीतला बारावा तुकडा

रमाचे बाबा, जयभीम.

मी मेडशीले मामाजीकडे चालली. भाकरी शिंक्यात हाये.

मामाजीनं आपल्या दोघा लेकायले, तुमाले अन् भाऊजीले, सागाची एकेक पेटी करून देल्ली. आत बारा तुकडे बसवून जो आधी झाकण लावीन, त्याले आपली सुतारकीची हत्यारं देतो म्हणाले. तुमचं झाकण परवा लागलं. भाऊजी महिनाभर खपले, अकरा बसवले, पण चार दिवसापासून त्यायचा शेवटचा तुकडा बोटभर वरच राहे. काल हार मानून ते पेटी आपल्या ओसरीत ठेवून गेले.

तो तुकडा मी उन्हात धरून पाह्यला. बाकीचे अकरा हाताळून काळे पडले, हा नवा कोरा. भाऊजीनं तुमच्यावर भरवसा ठेवला, म्हणून नीट पाह्यलं नसंन. ते पेटी घेऊन बसले की तुमी त्यायच्याजवळून काहून हलत नव्हते?

आज तुमचा सदरा धुवाले काढला, तं खिशात सागाचा काळा तुकडा निघाला. भाऊजीच्या पेटीत ठेवला. झाकण लागलं.

पेटी माह्यासंगं हाये. चुकून खिशात राह्यला असंन, तं मामाजीसमोर तसं सांगा. मी भाऊजीले अजून काही बोलली नाही. चारच्या एसटीनं तुमी उतरले नाही, तं बोलीन.

वच्छला