अप्पांची सही

५ सप्टेंबर

पालकसभा. लेकीने अकरावीला पदवीच्या पातळीचा इतिहास घेतलाय. घरच्यांनी त्यातून काय अपेक्षा ठेवावी, ते सांगायला इतिहासाच्या बाईंनी बोलावलं होतं. अर्धी रजा मागितली तर मी ज्यांच्याकडे कामाला आहे ते दातांचे डॉक्टर तोंड वाकडं करून म्हणाले, "कवळ्यांचे साचे कोण ओतणार?" तरी गेले.

बाई म्हणाल्या, रोज तीस पानं वाचन. पहिल्या परीक्षेत गुण कमी पडतील, घाबरू नका. निबंध तुम्ही लिहून देऊ नका. आणि मुलं घरी येऊन प्रश्न विचारतील, त्याची तयारी ठेवा. यावर सगळे पालक हसले. मीही हसले.

१९ सप्टेंबर

शंभरात एक्केचाळीस! ही मुलगी कधी पंच्याऐंशीच्या खाली उतरली नव्हती. तर म्हणे, "बाई म्हणाल्याच होत्या." बाई म्हणाल्या की झालं. आमचं म्हणणं रद्दीत.

४ ऑक्टोबर

जेवतानाही सुटका नाही. काही बोलावं तर लगेच — हे कुणी सांगितलं? त्याला असं सांगून काय मिळणार होतं? शेजारणीच्या भांडणाचीसुद्धा चिरफाड केली. शिंगं फुटलीत. वर नवऱ्याचं कौतुक, "विचार करायला लागली पोरगी." करू दे की. भांडी घासताना विचार करता येतो.

१७ ऑक्टोबर

सत्राचा मोठा निबंध. घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितलेली एखादी घटना घ्यायची आणि कागदपत्रांशी ताडून पाहायची. हिने आजोबांचा संप निवडला.

अप्पा खुललेच. काचेचा कारखाना, सतरा आठवडे गेटबाहेर, एक दिवसही आत पाऊल नाही — मोबाइलसमोर तासभर बोलत होते. चहा गार झाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे वडील, एरवी उठायला आधार लागतो, पण संपाचा विषय निघाला की ताठ बसतात. गल्लीत अजून त्यांना 'पुढारी' म्हणतात ते त्या संपामुळेच.

मग माझ्याकडे वळली. "आई, तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस ना? तुला काय आठवतं?" म्हटलं, नऊ वर्षांच्या पोरीला काय आठवणार. आणि कपडे वाळत घालायला गेले.

३० ऑक्टोबर

पोरगी जुन्या दफ्तरांच्या कचेरीत जाऊन आली. तिथे कारखान्याचा हजेरीपट मिळाला. संपाच्या सहाव्या आठवड्यापासून त्यात अप्पांची सही आहे. रोजची. फोटो काढून आणलाय. नावाखाली दोन रेघा आणि त्यांना कापत जाणारा फराटा — अप्पांचीच तऱ्हा.

दार लावून तिने मला दाखवला. "आजोबांना विचारू?"

"विचारलंस तर माझ्याशी गाठ आहे. विषय बदल."

विषय बदलायची मुदत गेली म्हणाली. आणि निबंध सगळ्यांच्या घरच्यांसमोर वाचून दाखवायचाय! अप्पांनी आत्तापासून सदरा इस्त्रीला दिलाय.

३ नोव्हेंबर

बाईंकडे गेले. म्हटलं, इतिहास शिकवा, लोकांची घरं कशाला उकरताय? म्हातारा माणूस आहे, चार लोकांत मान आहे. त्या मध्ये न बोलता ऐकत होत्या, ते जास्त झोंबलं.

"काय लिहायचं ते तीच ठरवेल," म्हणाल्या. "तुम्हाला काही ठाऊक असेल तर तिला जरूर सांगा."

मला शहाणपण शिकवतेय! तळपायाची आग मस्तकात गेली. ताडकन उठून आले.

११ नोव्हेंबर

लेक धड जेवत नाही. आजोबांच्या खोलीत जायचं टाळते. अप्पा विचारतात, पोरीला काय झालंय? मी सांगते, अभ्यास.

१५ नोव्हेंबर

सुचलं तिला! हजेरीपट मालकांच्या कचेरीत लिहिलेला. संप चालू असताना, कोर्टात दाखवायला. कामगार परत आलेत असं भासवण्यात त्यांचाच फायदा. सहीची नक्कल करायला कारकून होतेच. कुणी लिहिलं, कुणासाठी, कशासाठी — बाईंनीच शिकवलेलं सगळं.

"आजोबा खोटं बोलत नाहीत, आई. कागद खोटा आहे." माझ्या गळ्यात पडून रडली. पंधरा दिवसांचं साठलेलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

२८ नोव्हेंबर

वाचन झालं. शाळेचा हॉल भरलेला, अप्पा पहिल्या रांगेत. हिचा आवाज एकदाही कापला नाही. टाळ्या खूप पडल्या. ब्याण्णव गुण. बाई म्हणाल्या, वर्गात इतक्या बारकाईने कुणीच लिहिलेलं नाही. फक्त एक विचारलं, त्या दिवसांतलं आणखी कुणी साक्षीला मिळालं नाही का?

"आईला विचारलं होतं मी. तिला काही आठवत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. घरी आल्याबरोबर अप्पांनी सदरा काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

२९ नोव्हेंबर

हजेरीपट खरा आहे. सहाव्या आठवड्यापासून कारखान्याच्या मागच्या फाटकाशी अप्पांचा डबा मीच नेऊन देत होते.