डिकीतली पिशवी

काकू, आज सकाळी उणे सत्तावीस होतं. पुण्याहून नुकतीच नोकरीला आलेली एक मुलगी आमच्या शेजारी राहते. तिच्या गाडीच्या डिकीत मी पिशवी ठेवली. कांबळं, काडेपेटी, पत्र्याच्या डब्यात उभी केलेली जाड मेणबत्ती, गूळ-दाणे. ती हसली. "मावशी, फोन आहे ना माझ्याकडे! एक कॉल केला की टो ट्रक येतो." मी म्हटलं, "ठेव." अगदी तुमच्यासारखं.

नात्यानं तुम्ही माझ्या कोणी नव्हतात. या लहानशा शहरात आमच्याआधी आलेलं मराठी घर एकच, तुमचं. पहिल्या हिवाळ्यात मी न्हाऊन तशीच तुमच्याकडे आले, तर वेणी काठीसारखी कडक झालेली. "एम.एस्सी. झालीस ना गं? ओल्या केसांनी बाहेर पडू नये हे कुठल्या वर्षाला असतं?" असं म्हणत तुम्ही टॉवेलनं माझं डोकं खसाखसा पुसलंत. मला राग आला होता. जाताना तुम्ही अशीच पिशवी हातात दिलीत, गाडी बर्फात अडकली तर एका मेणबत्तीनंही आत ऊब राहते म्हणून. मी म्हटलं, "काकू, हे काय, रुखवत?"

पुढच्या जानेवारीत नवरा कामासाठी परगावी होता. तांदूळ संपले होते आणि आपल्याकडचं सामान मिळणारं दुकान तीन तासांवर. तांदळाची दोन पोती आणि कणीक मावावी म्हणून मी पिशवी डिकीतून काढली, गॅरेजात ठेवली. तुम्ही फोनवर बजावलंत, "तीनपर्यंत घरी ये. आलीस की लगेच फोन." परतीच्या वाटेवर वारा सुटला, समोरचा रस्ता दिसेना आणि गाडी घसरून चरात गेली. गाडीच्या धुराड्याचं तोंड बर्फात बुजलं की इंजिन बंद करायचं, नाहीतर विषारी धूर आत भरतो, हे तुम्हीच शिकवलेलं. केलं बंद. दोन वर्षांच्या लेकीला कोटाच्या आत घेऊन बसले. बराच वेळ ती रडत होती. मग रडायची थांबली. झोपू नये म्हणून मी तिला चिमटे काढत राहिले. मग काचेवर टकटक झाली. पोलीस. सव्वातीनलाच तुम्ही त्यांना फोन करून रस्ता, गाडीचा रंग, सगळं सांगितलं होतंत.

तुमच्या स्वयंपाकघरात लेक गरम कढी पीत होती, आणि तुम्ही विचारलंत, "मेणबत्ती लावलीस ना?" मी म्हटलं, "हो, काकू." पुढं कितीतरी हळदीकुंकवांना तुम्ही कौतुकानं सांगितलंत, पिशवीनं पोर वाचली म्हणून. मग एका ऑक्टोबरात काडेपेटी बदलायला तुम्ही माझी पिशवी उघडलीत. वात पांढरी स्वच्छ. तुम्ही ती बोटांत धरून पाहिलीत. "चांगल्या जातीची मेणबत्ती आहे गं. जळते, पण झिजत नाही." मी लसूण सोलत राहिले, मान वर केली नाही. तुम्ही नवी काडेपेटी ठेवलीत आणि गूळ बदललात. त्यानंतर हळदीकुंकवात ती गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत.

तुम्हांला जाऊन आता अठरा वर्षं झाली. हे पत्र माझ्याच वहीत राहणार. पोरीला तुमच्या त्या सव्वातीनच्या फोननं वाचवलं. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत, कारण मानायचे तर गॅरेजातली पिशवी कबूल करावी लागली असती. सकाळी त्या मुलीनं विचारलं, "मावशी, तुम्हांला कधी लागली का ही मेणबत्ती?" आणि काकू, मी पुन्हा "हो" म्हणाले.