बांधीतून आलेली शंका

९ जुलै
मोबाईल गेला! योगेंद्र सरांनी भर वर्गात हिसकावला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. "परवानगीशिवाय व्याख्यान ध्वनिमुद्रित करणं नियमबाह्य आहे. शनिवारपर्यंत वडिलांचा माफीनामा आणा, अन्यथा चाचणीला बसता येणार नाही." सर नेहमी असंच छापील बोलतात.

चोरी केली का मी? बी.एस्सी.च्या आमच्या वर्गातल्या अकरा पोरी सध्या रोवणीला जातात — घरचं धान कोण लावणार? मी लेक्चर रेकॉर्ड करून घरी ऐकते, मग आपल्या बोलीत सांगून ग्रुपवर पाठवते. त्या फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून गळ्यात अडकवतात. हात धानाच्या बांधीतल्या चिखलात, कानात वनस्पतिशास्त्र. यात माफी कशाची?

१० जुलै
बाबा म्हणाले, "दोन ओळी लिहून देतो ना! काहून वं अडून राहिली?"

नाही म्हणजे नाही!

आईचा फोन घेतला, त्यावर ग्रुप उघडला आणि वहीत बघून आजचा धडा पाठवलाच — मुळांनाही हवा लागते, पाण्यात बुडून राहिली तर ती सडतात.

११ जुलै
त्या अकरा जणींतल्या टीनाचा, कोंढा गावाहून, ग्रुपवर आवाज आला. मागे बायका खिदळत होत्या. "हर्षा, आमच्यासंगं रोवणारी रंभाबाई विचारून राहिली, पाण्यात मुळं सडतात त आमचं धान काहून नाई सडत? आमी का दगडं रोवून राहिलो?"

वही, पुस्तक सगळं चाळलं; कुठंच नाही. जन्म धानात गेला आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नाही! लाज वाटली, खरंच.

१२ जुलै, शनिवार
माफीनामा नेला नाही. कागदावर रंभाबाईचा प्रश्न लिहिला आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"शंका आहे, सर. बांधीतून आली."

वर्ग हसला. सरांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला. लगेच फळ्याकडे वळले! चाचणीतून नाव गेलंच म्हणायचं. जाऊ दे. वर्ष वाया गेलं तरी पाठवणं बंद करणार नाही.

१३ जुलै
टीनानं ग्रुपवर नवा नंबर जोडलाय. त्यावरून एकच आवाज आला. मागे चिखलाची चपचप आणि कुणी म्हातारी ओरडतेय, "योगेंदर, रोपाच्या पेंड्या आन ना बापा लौकर!" मग सर, धापा टाकत — "रंभाबाई, आयका. धानाच्या काडीत पोकळ्या रायतात, वरची हवा मुळापावतर जाते. अन् हर्षा, उद्या फोन घेऊन जा. माफीचा कागद नाई पायजे."