हात पाहा, खिळा पाहा

पप्पा, त्या चार अक्षरांवरून आपलं जे भांडण झालं, त्यात मी अजूनही माघार घेतलेली नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय आणि मम्मी आता तो विषय निघाला की हसते. ती म्हणते, गेलेल्या माणसाशी काय भांडायचं? मी म्हणते, का नाही? तुम्ही होता तेव्हा मला अर्ध्यातच गप्प करायचात. तेव्हाचं उरलेलं आज ऐका.

अंबरनाथच्या एमआयडीसीत दाराच्या बिजागऱ्या बनवणारा तो छोटा कारखाना. तुम्ही तिथे प्रेसवर होता. पत्र्याची पट्टी पुढे सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून पंच येतो आणि पट्टीला भोक पाडून वर जातो. पंचासमोर जाळीचा गार्ड असायचा, हात आत जाऊ नये म्हणून. दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली, गार्डमुळे काम हळू होतं म्हणून सुपरवायझरने तो खोलून भिंतीला टेकवून ठेवला. हे मला दुसऱ्या कोणी नाही, तुम्हीच सांगितलं होतं, जेवताना, हसत: ‘‘आमचा गार्ड सुट्टीवर गेलाय.’’ मग एका दुपारी तो पंच तुमच्या उजव्या तळहातातून आरपार गेला. हात वाचला, पण मधली दोन बोटं वाकली ती वाकलीच, आणि तळव्याच्या मधोमध एक गोल, गुलाबी खळगा राहिला. कारखान्याने लिहून टाकलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तुमच्या जागी बदलापूरहून येणारा एक माणूस बसवला, त्याच मशीनवर, जाळी नसलेल्या.

बुवापाड्यातलं आपलं स्वयंपाकघर मला अजून तसंच दिसतं. मम्मी भाकरी थापतेय आणि तुम्ही डाव्या हाताने कालवण-भात खायला शिकताय. भात ताटाबाहेर सांडतो. ती भरवायला हात पुढे करते, तुम्ही मान फिरवता. ‘‘मी काय लेकरू आहे?’’ तुम्ही तेव्हा कोणाशीच बोलत नव्हता. प्रार्थनेत डोळे मिटायचात, पण ओठ हलायचे नाहीत. म्हणून पुढे जे झालं त्याने तुम्हाला उठवून उभं केलं, हे मी मान्य करते. पण तेवढंच.

आपल्या मंडळीचे पास्टर कुठल्याशा शिबिरातून नवीन शिकवण घेऊन आले होते. एका रविवारी त्यांनी फळ्यावर देवाचं नाव इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरांत लिहिलं, उजवीकडून डावीकडे. योद, हे, वाव, हे. म्हणाले, ही अक्षरं म्हणजे मुळात चित्रं. योद म्हणजे हात. हे म्हणजे पाहा. वाव म्हणजे खिळा. शेवटी पुन्हा हे, पाहा. ‘‘इंग्रजीत सांगायचं तर शब्द उलटसुलट करावे लागतात. आपल्या मराठीत बघा कसं जसंच्या तसं बसतं! हात पाहा, खिळा पाहा!’’ प्रभू जन्मायच्या कितीतरी आधी, मोशेच्या काळात, देवाने आपल्याच नावात वधस्तंभ लिहून ठेवला होता, असं ते म्हणाले तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. आणि मग त्यांनी तुम्हाला पुढे बोलावलं, तुमचं मनगट धरून हात वर केला आणि तळवा लोकांकडे वळवला. बायका रडायला लागल्या. तुम्हीही रडलात. अपघातानंतर पहिल्यांदा.

त्यानंतर तुमची बोलावणी सुरू झाली. उल्हासनगर, बदलापूर, बारवी धरणाकडचे पाडे. पांढरा शर्ट, इस्त्री मीच करायची. तुम्ही साक्ष द्यायचात: मी साधा प्रेसवाला, देवाने माझ्या हातावर आपलं नाव लिहिलं. धरणाकडच्या एका पाड्यात मी तुमच्यासोबत आले होते, आठवतं? भाताची झोडणी चाललेली, लोक शेतातून तसेच आलेले. सगळ्यांनी तुमच्या हाताला हात लावून कपाळाला लावला. शेवटी एक म्हातारी आली, तिने खळग्यावर अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘‘अजून दुखतंय का रं, बाबा?’’ तुम्ही गडबडलात. मग म्हणालात, ‘‘थंडीत दुखतं, मावशी.’’ इतक्या सगळ्या मंडळ्यांत हे विचारणारी ती एकटीच. घरी येताना मी त्या म्हातारीचाच विचार करत होते आणि तुम्ही टेम्पोत बसून गाणं म्हणत होता.

मी तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायचे. एकोणिसावं सरलं होतं. फ्लेक्स तेव्हा नवीनच आला होता, आणि वाढदिवसापासून दहाव्यापर्यंत सगळ्याचा छापला जायचा. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधी पास्टरांची ऑर्डर माझ्याच टेबलावर आली. वर चार इब्री अक्षरं, खाली तुमच्या हाताचा फोटो, मोठा. त्याच सुमारास घरी कळलं की कारखान्यात सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहे, आणि तुम्ही सुपरवायझरला आधीच सांगून आलात, ‘‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’’ कारखान्याच्या शेठने खूश होऊन उत्तम शुक्रवारचा हॉल आणि मांडव आपल्याकडून देऊ केला होता. मी तो फोटो स्क्रीनवर मोठा केला. पिक्सेल दिसेपर्यंत मोठा केला. त्यात मला कुठे देवाचं नाव दिसलं नाही. भिंतीला टेकवलेली जाळी दिसली.

अक्षरंही धड बसेनात. मी टाइप केली की कॉम्प्युटर ती डावीकडून मांडायचा, नाव उलटं व्हायचं. म्हणून मी प्रिंट घेऊन आपल्या मागच्या चाळीतल्या ज्यू, बेने इस्राएली काकांकडे गेले. त्यांची मुलं इस्राएलला गेलेली, ते आणि काकी इथेच राहिलेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि अक्षरांवर बोट न टेकवता सांगितलं, ‘‘उलटं आहे, बाळा. पण सुलटं केलंस तरी हे फ्लेक्सवर छापू नकोस. आम्ही हे नाव वाचतसुद्धा नाही, त्याच्या जागी ‘प्रभू’ म्हणतो. ज्या कागदावर ते असतं तो फेकत नाही, पुरतो. तुझा फ्लेक्स उद्या कोणाच्या तरी झोपडीवर पावसासाठी अंथरतील.’’ मी विचारलं, वाव म्हणजे खिळा, हे खरं का? ते हसले. ‘‘आकडा. मोशेच्या तंबूत खांबांना आकडे होते, पडदे टांगायला, त्यांना वाव म्हणायचे. आणि शब्दाच्या आधी जोडला की त्याचा अर्थ ‘आणि’. खिळा तुमच्या लोकांनी ठोकला. ठोका, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरातल्या आकड्याला तुमचा खिळा म्हणताना एकदा विचारायचं तरी!’’ काकींनी मला चहा दिला. मी बशीतून चहा पीत होते आणि माझं ठरलं.

मी डिझाइनमधून हात काढून टाकला. अक्षरंही काढली. नुसतं लिहिलं: उत्तम शुक्रवार उपासना, सर्वांचे स्वागत. प्रूफ बघायला पास्टरांनी तुम्हाला पाठवलं. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तुम्ही विचारलंत, ‘‘हात का काढलास?’’

‘‘त्याला भोक देवाने पाडलेलं नाही.’’

‘‘देवाने पाडलं असं मी कधी म्हटलं? मी म्हणतो, देवाने ते वाया जाऊ दिलं नाही.’’

‘‘मग इन्स्पेक्टरला सांगा, गार्ड काढला होता.’’

‘‘प्रभूने खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा केली. मी कोण?’’

‘‘तुमच्या हाताची तुम्ही क्षमा करा. त्या मशीनवर आता दुसरा बसलाय. त्याच्या हाताची क्षमा तुम्ही आधीच कशी करून टाकता?’’

तुमचा चेहरा उतरला. मग तुम्ही म्हणालात, ‘‘हात माझा आहे. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन.’’

‘‘हात तुमचा आहे. मशीन शेठची आहे.’’

आमचा सिंधी मालक काउंटरवरून ओरडला, ‘‘अरे साईं, बाप-बेटी का झगडा घर में करो! और तू, कस्टमर जो बोलता है वो छाप दे ना!’’ मी म्हटलं, नहीं छापूंगी, चाहो तो निकाल दो. त्याने काढलं नाही. पण तुम्ही जाताना माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘‘बापाच्या जखमेची तुला लाज वाटते.’’ पप्पा, तुम्ही मला आयुष्यात जे काही बोललात त्यातलं हेच एक साफ खोटं होतं. मला लाज वाटत नव्हती. मला राग येत होता, आणि तो तुमच्या बाजूने होता.

फ्लेक्स पास्टरांनी दुसरीकडून छापून आणला. उत्तम शुक्रवारी मी हॉलमध्ये शिरले तर समोरच लावलेला, तुमचा हात माणसाएवढा, आणि वर देवाचं नाव, उलटं. कोणाला कळलं नव्हतं. पहिल्या रांगेत शेठ बसलेले. तुम्ही उभे राहता, हात वर करता. पास्टर म्हणतात, ‘‘हात पाहा!’’ आणि सगळा हॉल म्हणतो, ‘‘खिळा पाहा!’’ मम्मी माझी ओढणी धरून बसलीय, तिला माझा चेहरा दिसतोय. मी उभी राहते.

‘‘पास्टर, खिळा नाही तो. पंच आहे, बिजागरीचा. त्याच्यासमोर जाळी होती, ती काढून ठेवली होती. आज त्या मशीनवर बदलापूरचा एक माणूस बसतो. त्याचे दोन्ही हात अजून धड आहेत. ते पाहा.’’

‘‘सिस्टर, आज प्रभूच्या दुःखाचा दिवस आहे.’’

‘‘म्हणूनच आज सांगतेय.’’

‘‘खाली बस,’’ तुम्ही म्हणालात. माइक तुमच्याच हातात होता, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

‘‘नाही बसणार.’’

कोणीतरी घाईने गाणं सुरू केलं. सगळे गायले. मी गायले नाही, बसलेही नाही. गाणं संपलं, वाचन झालं, उपदेश झाला, मी उभीच. ओढणी मम्मीच्या हातात राहिली. लोक मागे वळून बघत होते, त्यांना बघू दिलं. नंतर किती जणी घरी आल्या मला समजावायला, बापाचा मान, देवाचा मान. मी त्या प्रत्येकीला चहा दिला आणि ‘खिळा नाही, पंच आहे’ हे माझं तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. ईस्टरलाही नाही बोललात. मग एका रविवारी दारात तो बदलापूरचा माणूस उभा, सोबत बायको, तिच्या कडेवर लहान मूल. तुम्हाला नमस्कार करून मला म्हणाला, ‘‘ताई, जाळी बसवली परत. तुमच्या पप्पांनी इन्स्पेक्टर साहेबांसमोर सगळं सांगितलं. शेठ बाजूलाच उभे होते, तरी सांगितलं.’’ मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बाळाकडे बघत होता. म्हणालात, ‘‘हिच्यामुळे नाही सांगितलं. मी साक्ष देत फिरतो. साक्ष देणाऱ्याने अर्धंच कसं सांगायचं?’’ त्या शुक्रवारनंतर माझ्याबद्दल एवढं लांब तुम्ही पहिल्यांदा बोललात, आणि तेही मला श्रेय मिळू नये म्हणून! मी आत जाऊन पोहे टाकले.

शेठने तुम्हाला परत कामावर घेतलं नाही. तुम्ही चिखलोलीला बांधकामावर वॉचमन झालात. साक्ष द्यायचं थांबवलं नाहीत, पण आता तिच्यात आधी गार्ड यायचा, ऑर्डर यायची, सुपरवायझर यायचा, आणि मग वधस्तंभ. पास्टर ते ऐकताना घड्याळ बघायचे, बोलावणीही कमी झाली. मी एकदा विचारलं, आता तरी मानता ना, तो पंच होता? तुम्ही म्हणालात, ‘‘पंच होता. आणि खिळाही आहे. तुला एकच पाहिजे असतं, हाच तुझा घोळ.’’ मी काकांचं ते ‘आणि’, वावचा दुसरा अर्थ, तुम्हाला सांगितलं. तुम्ही खूश झालात, जसं काही मी हरलेच. मी हरले नव्हते. आजही नाही. कोणी कुठल्या अक्षरात काय वाचायचं ते वाचो, पण जिवंत माणसाला अक्षर करून फ्लेक्सवर टांगायचं नाही. तुम्ही खूण नव्हता, पप्पा. कारल्याची भाजी चोरून मांजराला घालणारा, गाण्यात हमखास बेसूर होणारा एक प्रेसवाला होता, आणि मला तोच हवा होता.

भाऊ म्हणतो, लिहिलंयस तर कबरीजवळ वाचून ये. मी नाही वाचणार. तिथे तुम्हाला उलटून बोलता येणार नाही, आणि तसं जिंकण्यात मला गंमत नाही. कागद इथेच राहील. फक्त एक गोष्ट, जी मी मम्मीलाही सांगितलेली नाही. त्या शुक्रवारी उभं राहण्याआधी मी डोळे मिटून प्रार्थना केली होती, पाय थरथरू नयेत म्हणून. पाय थरथरले नाहीत. ती प्रार्थना कोणी ऐकली, ते मी अजून ठरवलेलं नाही.