बोडीच्या पाळीवरचा मोह

नागभीड, मंगळवार, ४ मार्च १९८६

सरकारी माणसाविषयी आज चांगलं लिहावं लागतंय. हात अडखळतोय.

शेतातल्या बोडीची, म्हणजे पाणी साठवायच्या लहान तळ्याची, फुटलेली मातीची पाळ बांधायला अनुदान मिळायचं होतं. ती नसली तर धानाला शेवटचं पाणी नाही. पण नियमाला पाळ सरळ हवी, आणि मधोमध मोहाचं झाड उभं. जमीन माझी, फुलं वेचायचा हक्क मात्र गावातल्या सोमीबाईचा, तिच्या सासूच्या काळापासून. हे कोणत्या कागदावर दाखवू?

अनुदानाच्या कामाचे सरकारी सुपरवायझर पाळ आखायची दोरी घेऊन आले, तेव्हा सोमीबाई मोहाखालचा पाचोळा काढत होती. "साहेब, बूट काढा. फुलं पडाची जागा हाय."

साहेबांनी बूट काढले.

"तोडाचाच असन तं आताच सांगा. मी काऊन साफ करून राह्यली मंग?"

त्यांनी वर फांद्यांकडे पाहिलं. मग दोरी उचलून मोहाच्या बाहेरून वळवली. मला म्हणाले, "वाकडी पाळ काऊन घेतली ते मी लिहितो भाऊ. वरच्या साहेबाले समजावणं माह्याकडे."

सोमीबाईने पुन्हा खराटा उचलला. मी आभार मानणार होतो, पण सरकारी माणसाला टोमणे मारायची इतकी सवय, की साधा शब्द सुचेना. "जेवूनच जा," एवढंच म्हणालो.

जेवले. दोनदा भात घेतला. बरं वाटलं.